मुलांशी खेळताना मुद्दाम हरावे का?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून पहिलीत आहे. गेले दोन महिने रात्रीचे जेवण आटोपल्यावर अर्धा तास आम्ही दोघे सापशिडी किंवा बदाम सात खेळतो. त्याच्या हातातला मोबाइल सुटावा एवढ्याच हेतूने हे सुरू केले होते, परंतु आता त्या अर्ध्या तासाची वाट मीही पाहू लागलो आहे. अडचण हरण्याची आहे. सोंगटी ९८ वरच्या सापाच्या तोंडी गेली की "फासा नीट पडला नव्हता" असे म्हणून तो पुन्हा टाकतो, आणि मी हरकत घेतली तर पट उधळून देतो. माझी आई म्हणते, "लेकरू आहे, जिंकू दे की, तुझे काय जाते?" पत्नीचे मत नेमके उलट आहे. बदाम सातमध्ये मी दोन-तीनदा गुपचूप हरून पाहिले, तर त्याने ते ओळखले आणि तो दुप्पट चिडला. एकत्र खेळल्याने सहवास मिळतो हे मान्यच आहे. त्यापलीकडे मुलाच्या पदरात काय पडते, आणि मोठ्यांनी मुद्दाम हरल्याने ते वाया जाते का, हे जाणून घ्यायचे आहे.

सोंगटी

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. सापशिडीत सारे काही फाशावर असल्यामुळे तेथे मुद्दाम हरता येतच नाही, आणि म्हणूनच हरण्याची सवय लागायला हा पट उत्तम आहे, कारण हरणाऱ्याचा त्यात काहीच कमीपणा नसतो. प्रश्न हा आहे की साप तुम्हाला गिळतो तेव्हा तुम्ही काय करता? बहुतेक मोठी माणसे निर्विकारपणे सोंगटी खाली आणतात, त्यामुळे हरण्याचे दुःख आपल्या एकट्यालाच होते असे मुलाला वाटते. तुम्ही कपाळावर हात मारा, थोडे हळहळा आणि मग फासा त्याच्या हाती द्या. राग आल्यावर पुढचा डाव कसा खेळायचा, हे त्याला तुमच्याकडे पाहूनच कळणार आहे.

दुसरा लाभ मोजणीचा आहे. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील गरीब घरांतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पटावर एका मोठ्या माणसाबरोबर थोडा थोडा वेळ खेळायला दिले होते. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांपेक्षा त्यांची संख्यांची समज स्पष्टपणे सुधारली. त्यातील एक बारकावा घरी सहज वापरता येईल. सोंगटी २६ वर असताना ४ पडले, तर "एक, दोन, तीन, चार" असे न मोजता "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस" असे घरांचे आकडे म्हणत पुढे जावे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील "वीस एक, वीस दोन" या वाचनावरून केवढा वाद झाला होता, ते आठवत असेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या तोंडी "एकोणसाठ" आणि "सदुसष्ट" बसवायला मला तरी सापशिडीएवढे सोपे साधन सापडलेले नाही.

रातपाळी

सोंगटीताईंचा अनुभव मोठा आहे, तरी एका बाबतीत मी सावध करू इच्छितो. मी मुलीबरोबर असेच खेळत असताना "आता सांग, अठ्ठेचाळीस आणि पाच किती?" असे विचारू लागलो. चारच दिवसांत तिने पट कपाटावर ठेवला आणि "बाबा, आज अभ्यास नको" असे ऐकवले. आकडे म्हणायचेच असतील तर स्वतःची सोंगटी हलवताना म्हणावेत, मूल आपोआप उचलते. सध्या आमची लगोरी चालते. सात ठिकऱ्यांऐवजी पाचच लावायच्या आणि बाबांनी चेंडू डाव्या हाताने मारायचा, हा नियम तिचा आहे. दिवसभर तिला आमचे ऐकावे लागते, त्या अर्ध्या तासात मी तिचे ऐकतो. मला विचाराल तर मोजणीपेक्षा हाच लाभ मोठा आहे. आणि हो, खेळताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. बापाचे लक्ष पडद्याकडे आहे हे मुलांना आपण मान वर करण्याआधीच कळलेले असते.

पिंपळपान

मुद्दाम हरण्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. आपल्याकडे लहान मुलाला "लिंबूटिंबू" म्हणून खेळात घेत असत. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे, आणि हे सर्वांना, त्यालाही, ठाऊक असे. सवलत उघड असली की त्यात फसवणूक राहत नाही. तुमचा मुलगा चिडला तो हरवाहरवीवर नव्हे, लपवाछपवीवर. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. कॅरमला बसताना आम्ही आधीच ठरवतो की तिच्या नऊपैकी तीन सोंगट्या सुरुवातीलाच बाहेर काढायच्या, आणि त्यानंतर मी पूर्ण जोराने खेळते. तिने सलग दोन डाव जिंकले की तीनच्या दोन होतात. गेल्या महिन्यात तिने स्वतःच "आता एकच काढू" असे सुचवले. बदाम सातमध्येही "आज मी पान अडवून ठेवणार नाही" असे आधी जाहीर करता येईल. पट उधळण्याबद्दल मात्र आमच्याकडे एकच शिक्षा आहे: ज्याने उधळला त्याने सोंगट्या गोळा करायच्या, आणि त्या रात्री दुसरा डाव नाही. आजी मध्ये पडल्या तरी नाही.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. काल पहिल्याच डावात ९८ वरच्या सापाने मलाच गिळले. मी जमेल तेवढा हळहळलो, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, फासा नीट पडला नव्हता, परत टाका." मी नको म्हटले आणि सोंगटी खाली आणली. त्यानंतर तो हरला, तेव्हा ओठ घट्ट मिटून बसला. पट मात्र जागेवर राहिला. बदाम सातची घोषणा आज करणार आहे. आता आणखी एक शंका आहे: धाकटी साडेतीन वर्षांची असून तिलाही खेळायचे आहे, पण ती फासा तोंडात घालते. तिला लिंबूटिंबू करून फाशाऐवजी कवड्या द्याव्यात, तर त्याही ती तोंडातच घालील. कोणी काही मोठे, लाकडी वापरले आहे का?