घराला कॅमेरे लावलेत का? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

कडकभाकरी:
मंडळी, जुळे सोलापुरात आमचं रो हाऊस आहे, घरी आई-बाबा दोघंच. मागच्या महिन्यात आमच्याच लायनीत तिसऱ्या घराचं कुलूप तोडलं, ते पण दुपारी साडेबाराला! त्या उन्हात गल्लीत कुत्रं पण नसतं. तेव्हापासून आई म्हणते कॅमेरे बसव, बाबा म्हणतात चोर काय कॅमेऱ्याला घाबरतोय, त्यापेक्षा कुत्रं पाळू. दोन दुकानांत विचारून आलो, एकाने चार कॅमेऱ्याचं कोटेशन 18 हजार दिलं, दुसऱ्याने 12, आणि दोघंही एकमेकाचा माल डुप्लिकेट म्हणतात. मला यातलं ओ की ठो कळत नाही. जाहिराती नकोत, लिंका नकोत. ज्यांच्या घरी वर्षभर तरी चालू आहे त्यांनीच सांगा, काय घेतलं, काय चुकलं.

चादरवाला:
आमचे लूम अक्कलकोट रोडला आणि घर साखर पेठेत, दोन्हीकडे कॅमेरे आहेत, म्हणून दोनदा चुकलोय. घरी पहिल्यांदा बसवले तेव्हा मोठ्या हौसेने 5 मेगापिक्सेलचे घेतले आणि गच्चीच्या कठड्याला लावले, कारण खाली लावले तर कोणीतरी फोडेल ही भीती. सहा महिन्यांनी गेटातली बाईक गेली. फुटेज एकदम स्वच्छ! पण वरून घेतलेलं. टोपी दिसते, खांदे दिसतात, चप्पल निळी आहे हे पण दिसतं, तोंड मात्र एका सेकंदाला नाही. पोलीस चौकीत बघून हवालदार म्हणाले, मालक, टोपीवाल्याची टोपी ओळखू येतीय, आता टोपीला अटक करू का?

नंतर एक कॅमेरा गेटाच्या खांबाला आठ फुटांवर घेतला, आत येणाऱ्याचं तोंड समोर येईल असा. आणि लेन्स बदलली. हे कोणी सांगत नाही बघा. 2.8 एमएमची लेन्स दुकानदार डोळे झाकून देतो कारण तिच्यात अख्खं अंगण बसतं, साधारण 100 अंशाच्या आसपास, गिऱ्हाईक खूश. पण सगळं बसतं म्हणजे सगळं बारीक दिसतं. गेटाला 6 एमएम लावली, जेमतेम 50 अंश दिसतं, पण माणूस ओळखू येतो. आता अंगणाला एक रुंद आणि गेटाला एक लांबची असे दोनच आहेत, पहिल्या चारांपेक्षा बरे.

आईपुण्यातनाहीमीआहे:
माझी आई विजापूर रोडला एकटी राहते. मी ऑनलाइन गोल फिरणारा वायफाय कॅमेरा मागवला, तीनेक हजाराच्या आतला, आणि दिवाळीत हॉलमध्ये शोकेसवर ठेवून आले. पुण्याला पोचेपर्यंत ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर बघते तर सगळं पांढरं. मला वाटलं कॅमेरा गेला. फोन केला तर आई म्हणाली, टॉवेल टाकलाय त्याच्यावर, मी काय प्रदर्शनात बसलीय का? भाकरी थापताना पदर सावरायचा, कोणाशी बोलताना आवाज खाली करायचा, माझ्याच घरात? मी चिडले, मग रडले, मग तिचं पटलं. आता कॅमेरा दाराबाहेर आहे, आणि आत येणाऱ्याशी तिथूनच बोलता येतं म्हणून आई पण खूश. कुरिअरवाल्याला आतूनच सांगते, ठेव बाबा तिथंच.

दुसरी चूक माझीच. सुरुवातीला दिवसाला शंभराच्या वर नोटिफिकेशन यायचे, शेवग्याची सावली हलली तरी टिंग. वैतागून बंद केले. नंतर कळलं की फक्त माणूस दिसला तर कळव असं सेटिंग असतं आणि स्क्रीनवर बोटाने चौकट आखून तेवढ्याच जागेपुरतं लक्ष ठेवायला सांगता येतं. आता दिवसाला सहा-सात येतात, ते मी बघते.

भवानीपेठचापोरगा:
कुत्रं पाळा. बाबा बरोबर आहेत.

चादरवाला:
आणि चार दिवस गाणगापूरला गेल्यावर कुत्र्याला कोण भाकरी टाकणार बे?

हौदाकाठी:
माझा अनुभव जरा वेगळा आहे, हसू नका. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड आणि वेळेचा पत्ता नाही, कधी पहाटे तीनला तर कधी रात्री अकराला. मिसेस अर्धी रात्र जागी. चोरासाठी म्हणून गेटाला कॅमेरा बसवला होता, त्याच्या एका कोपऱ्यात नळाची तोटी आणि हौद दिसत होता. मी मोशनची, म्हणजे हालचाल टिपायची चौकट नेमकी तोटीच्या खाली आखली. पाणी पडलं की मोबाइल वाजतो! चोर दोन वर्षांत एक पण नाही आला, पाणी मात्र एकदा पण चुकलं नाही. आमच्या मिसेसच्या मते हाच खरा उपयोग.

फक्त एक, रात्री कॅमेऱ्याच्या लाल दिव्यांपाशी किडे येतात आणि किड्यांमागून कोळी. लेन्ससमोर एक तार विणली तरी रात्री ती पांढरी दोरी दिसते आणि दर मिनिटाला अलार्म. दर रविवारी झाडूचं टोक फिरवायचं, दुसरा इलाज सापडला नाही. घुमटासारख्या कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली तर त्याच उजेडाने रात्री सगळं दुधाळ दिसतं, म्हणून बाहेर नळकांड्यासारखाच घ्या.

गड्ड्यालागेलेलो:
लिहू का नको विचार करत होतो. संक्रांतीला सगळे मिळून सिद्धेश्वराला गेलो, नंदीध्वज बघितले, पोरं पाळण्यात बसली, रात्री साडेदहाला घरी आलो तर मागचं दार उघडं. कॅमेरे चार, चारही चालू. आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा? टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला होता, तोच उचलून नेला. टीव्हीच्या मागे नुसत्या चार वायरी लोंबत होत्या, त्यांची टोकं मी अजून विसरलो नाही. मोबाइलवर लाइव्ह दिसायचं पण साठवण सगळी त्या डब्यात होती. बायकोचं गंठण आणि आईच्या पाटल्या गेल्या.

शेवटी समोरच्या काकांचा कॅमेरा कामाला आला. त्यांच्याकडे दोन माणसं नीट दिसत होती पण मशीनचं घड्याळ चुकलेलं, लाइट गेली की आतला बारका सेल संपल्यामुळे वेळ मागं जायची, म्हणून आमची चोरी फुटेजमध्ये सकाळची दाखवत होती आणि बाहेर किट्ट अंधार! तो फरक लिहून द्यावा लागला. कोर्टात पुरावा चालावा म्हणून काकांना फुटेजचं प्रमाणपत्र पण द्यावं लागलं, पूर्वी त्याला कलम 65 ब म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा, पण लिहायला लागते. म्हणून फुटेज मोबाइलने टीव्हीचा व्हिडिओ काढून देऊ नका, मशीनमधून पेनड्राइव्हवर मूळ फाइल काढून घ्या, आणि लगेच. आता माझा डीव्हीआर माळ्यावर कुलपात आहे, आणि गेटाच्या कॅमेऱ्यात वेगळं मेमरी कार्ड टाकलंय.

तारवाला:
मी हेच काम करतो, पंधरा वर्षं झाली, दुकानाचं नाव सांगणार नाही. कडकभाकरी, 12 आणि 18 मधला फरक बहुतेक डिस्क आणि वायरमध्ये आहे, कोटेशनमध्ये त्या दोन ओळी वाचा. स्वस्तातल्या वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम, लांब ओढली की कॅमेऱ्यापर्यंत 12 व्होल्ट पोचतच नाहीत, दिवसा नीट चालतं आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू बंद-चालू करतो, मग गिऱ्हाईक म्हणतं कॅमेरा खराब. डिस्क कॉम्प्युटरची जुनी टाकून देतात, ती चोवीस तास लिहीत राहायला केलेली नसते, कॅमेऱ्यासाठी वेगळी मिळते, तीच मागा.

हिशोब सोपा आहे. 2 मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण 2 एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट लिहितो असं धरा, दिवसाला 21 जीबीच्या वर जातात, चार कॅमेऱ्यांचे 86, म्हणजे 1 टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. दोन आठवड्यांसाठी गावाला जाणार असाल तर 2 टीबी घ्या. मेगापिक्सेल वाढवले की हे दिवस कमी होतात, हे दुकानात बोललं जात नाही.

पासवर्ड बसवणाऱ्यासमोर बदला, हो, माझ्यासमोर पण. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. आणि एप्रिल 2025 पासून आपल्याकडे विकायच्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झालीय, त्यामुळे जुना साठा खपवायला कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तर बिल आणि मॉडेल नंबर मागा, कटतो तो माणूस लगेच.

डीव्हीआर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग होतं पण मोबाइलवर दिसत नाही, आणि लोक मला रात्री फोन करतात. पश्चिमेच्या भिंतीला कॅमेरा टाळा, मावळतीचं ऊन थेट लेन्समध्ये येतं आणि माणूस नुसता काळा दिसतो, शिवाय मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा 43 ला टेकतो, उन्हातली भिंत विचारू नका.

वाड्यातली:
चोरापेक्षा दिराने जास्त त्रास दिला. नवी पेठेत जुना वाडा, मधे सामाईक चौक. भाऊजींनी न विचारता त्यांच्या जिन्याला कॅमेरा लावला, तोंड बरोबर आमच्या मोरीकडे. विचारलं तर म्हणे सुरक्षेसाठी. सहा महिने दोन्ही घरची बोलणी बंद, गौरीला सुद्धा एकमेकांकडे हळदीकुंकू नाही. 2025 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने अशाच एका भावाभावांच्या घरातल्या भांडणात सांगितलं की एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या जागेत कॅमेरे नकोत, ते कात्रण आमच्या वकिलांनी भाऊजींना दाखवलं. कॅमेरा काढला नाही, पण सेटिंगमध्ये आमच्या बाजूवर काळा चौकोन टाकला, मी स्वतः त्यांच्या मोबाइलवर बघून आले. तुमचं रो हाऊस आहे ना, शेजारच्यांची खिडकी येत नाही ना ते आधी बघा, आणि बसवायच्या आधी त्यांना एकदा सांगा.

भवानीपेठचापोरगा:
कुत्र्याला काळा चौकोन टाकावा लागत नाही.

कडकभाकरी:
सगळ्यांचे आभार. तारवाला, तुमच्या सांगण्यावरून 18 वाल्याकडे परत गेलो आणि वायर कुठली विचारलं तर त्यालाच घाम फुटला, 12 वाल्याने मात्र वायर कापून आतलं तांबं दाखवलं. त्याच्याकडूनच घेतोय, डिस्क 2 टीबी करून 14 मध्ये. दोन कॅमेरे गेटाला, एक मागच्या दाराला, डीव्हीआर देवघरावरच्या माळ्यावर, घरात एक पण नाही. चौथ्याला बाबा कबूल नव्हते, पण काल हौदाकाठींचं वाचून दाखवलं आणि पेपर खाली ठेवून म्हणाले, हा बसवा. हौदाकाठी, तुमचा किती उंचीवर आहे?

हौदाकाठी:
सात फूट. आणि तोटीखाली बादली ठेवू नका, पाण्याची धार दिसत नाही, मिसेस आधी ओरडतात आणि मोबाइल नंतर वाजतो.