प्रवासाआधी न मागवलेले मेल येत आहेत, मदत हवी आहे

खिडकीची_जागा : परवा रात्री आम्ही लांब पल्ल्याच्या गाडीने निघत आहोत. गेल्या आठवड्यापासून मला न मागवलेले मेल येत आहेत: आधी 'तुमचा प्रवास जवळ आला', मग विमा, मग मुक्कामाच्या सवलती आणि आज सकाळी 'तुमचा डबा बदलला आहे, संमती द्या'. हे खरे आहे की फसवणूक, एवढेच कोणीतरी सांगावे. वेळ अगदी थोडा आहे.

टपालपेटी : मेल कोणत्या पत्त्यावरून आला आणि त्यातला आरक्षण क्रमांक तुमच्या तिकिटाशी जुळतो का, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. पाठवणाऱ्याचे नाव कोणालाही हवे तसे लिहिता येते, म्हणून नावामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा.

खिडकीची_जागा : पत्ता रेल्वे कंपनीचाच दिसतो. तिकीट अर्थातच मेहुण्यांनी काढले आहे, ते माझ्याकडे नाही.

दूरचा_प्रवासी : काहीही असो, मेलच्या तळाशी असलेला 'नोंदणी रद्द करा' हा दुवा दाबू नका. पत्ता वापरात आहे हे त्यांना कळते आणि मेल दुप्पट होतात. मी अनुभव घेतला आहे. शिवाय सामानाला साखळी आणि कुलूप अवश्य न्या.

टपालपेटी : कुलपाबद्दल त्यांनी विचारलेले नाही. नोंदणीबाबतही तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून जाहिरातींची नोंदणी एका टिचकीत रद्द करण्याची सोय बंधनकारक केली आहे. अनोळखी मेलमधला दुवा टाळावा, हे मात्र मान्य.

अर्धविराम : मी त्या 'अर्थातच'पाशी अडखळलो. तिकीट मेहुण्यांनी काढले, तर कंपनीकडे तुमचा पत्ता आला कोठून? मेलमध्ये नाव कोणाचे आहे?

खिडकीची_जागा : आडनाव माझे आहे, नाव वेगळे आहे. तारीखही पुढच्या आठवड्याची आहे. मला ती टंकनातील चूक वाटली.

अर्धविराम : मग हे आरक्षण तुमचे नाहीच. जीमेल पत्त्यातील टिंबे मोजत नाही, त्यामुळे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब असो वा नसो, मेल एकाच खात्यात पडतो. तुमच्या आडनावाच्या कोणीतरी स्वतःच्या पत्त्यातला शेवटचा आकडा लिहायचा विसरला असावा, आणि त्याचे सगळे मेल तुमच्याकडे येत असावेत. त्यातले एकही बटण दाबू नका. चुकून त्या बिचाऱ्याचे तिकीट रद्द व्हायचे.

खिडकीची_जागा : संमतीचे बटण मी दुपारीच दाबले.

टपालपेटी : तर मेलमधला दूरध्वनी क्रमांक न वापरता, कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः शोधून आजच कळवा. बटण दाबल्यावर कोठे परवलीचा शब्द किंवा कार्डाचा क्रमांक भरला असेल, तर तो आधी बदलून किंवा बंद करून घ्या.

खिडकीची_जागा : काही भरले नाही. कंपनीला कळवले.

दूरचा_प्रवासी : आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचे मेल?

खिडकीची_जागा : ते मेहुण्यांकडे न उघडता पडून होते. आमची गाडी चाळीस मिनिटे आधी सुटणार आहे.