नवा डेस्कटॉप, आता त्यात टाकायचं काय? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०४: नमस्कार सगळ्यांना. घरी नवा डेस्कटॉप आलाय. बाराव्या पिढीचा आय-५, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आत विंडोज नाही. दुकानदार म्हणतोय, "विंडोज, ऑफिस दोन्ही टाकून देतो, वेगळे पैसे नकोत." वापरणारे तिघं. माझी जीएसटी आणि रिटर्नची कामं, मुलगी आठवीत, आणि सासरे मराठीत लेख टाइप करतात. काय टाकावं आणि कुठल्या क्रमानं?

बी-५०२: ताई, ते फुकटचं अजिबात टाकू देऊ नका. फुकट म्हणजे क्रॅक, लायसन्स मोडून चालवलेली प्रत. तो अ‍ॅक्टिव्हेटर अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालतो, आणि चालायच्या आधी विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये स्वतःचा फोल्डर 'तपासू नको' या यादीत टाकून घेतो. पुढे त्या फोल्डरमध्ये काय येतं-जातं हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुमच्या मशिनवर लोकांचे पॅन आणि पासवर्ड असणार आहेत. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीसुद्धा नकोत. त्या बहुतेक कंपन्यांच्या सामायिक लायसन्समधल्या असतात, मध्येच बंद पडतात.

विंडोज ११ होम पुरेसं आहे. प्रो लागतं ते बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं याच मशिनवर यायचं असेल तर. घेताना रिटेल की ओईएम हे विचारून घ्या. ओईएम त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, रिटेल पुढच्या मशिनवर नेता येतं.

डी-४०१: विंडोजऐवजी लिनक्स मिंट का नाही? फुकट, हलकं, आणि कायदेशीरही.

ए-६०३: दादा, सासऱ्यांसाठी आणि मुलीसाठी चालेल, ताईंच्या कामासाठी नाही. मीही हेच काम करते म्हणून नेमकं सांगते. टॅली विंडोजवरच चालतं. इन्कम टॅक्सच्या एक्सेलवाल्या युटिलिटीला (रिटर्न भरायच्या तयार फाइलला) खरं मायक्रोसॉफ्ट एक्सेल लागतं. मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये ती फाइल उघडते, पण आतली बटणं दाबून काही होत नाही, कारण मॅक्रो (फाइलमधले छोटे प्रोग्रॅम) एक्सेलचे आहेत. आणि डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी तुकडा) घेताना त्याचा ड्रायव्हर आणि सही करायची युटिलिटी पोर्टल कुठल्या सिस्टिमसाठी देतं ते बघावं लागतं. म्हणून आधी कोणत्या फायली उघडायच्या आहेत याची यादी करा, सिस्टिम त्या यादीवरून ठरवा.

ताई, ऑफिस 'होम अँड बिझनेस २०२४' घ्या. एकदाच पैसे, एका मशिनसाठी, कामाला वापरायची परवानगी आणि आउटलूकही. मुलीला आणि सासऱ्यांना लिब्रे ऑफिस द्या.

आणखी एक. डाउनलोड केलेल्या एक्सेल युटिलिटीवर लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाहीत. झिप आधी पूर्ण उघडून फोल्डरमध्ये काढा, मग एक्सेल फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर टिक, ओके. झिपच्या आतूनच फाइल उघडली की हे शक्य होत नाही. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री निम्मे फोन मला याचसाठी येतात.

ए-३०४: हे माहीतच नव्हतं. ठीक, विंडोज. बी-५०२ दादा, टाकायचं कसं?

बी-५०२: सांगतो, पण आधी कॅबिनेटकडे बघा.

पहिलं, १६ जीबीची एकच पट्टी आहे का ८ च्या दोन? कॅबिनेटच्या आत बघा किंवा विंडोज टाकल्यावर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्राचं काम प्रोसेसर रॅम वापरून करतो, आणि दोन पट्ट्या असतील तर रॅमला दुप्पट रुंद वाट मिळते. एकच असेल तर बदलून मागा, आत्ताच, बिल ताजं असताना.

दुसरं, अर्थिंग. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची उलटी बाजू लावा. झिणझिण्या आल्या तर बहुधा तुमच्या सॉकेटची अर्थ वायर जोडलेली नाही. पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थकडे सोडतो, वाट नसेल तर तो पत्र्यावर बसतो. बहुधा मशीन खराब नसतं, सॉकेट खराब असतं. वायरमन बोलवा, टू-पिन कन्व्हर्टर लावून भागवू नका.

तिसरं, ६०० व्हीएचा यूपीएस. लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करायला पुरतो. त्याच्या बॅटरीच्या सॉकेटवर लेझर प्रिंटर लावू नका, फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग) गरम करताना तो एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस ओरडून बंद पडतो.

आता विंडोज. दुसऱ्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यातलं सगळं पुसलं जातं). नव्या मशिनला लावून बूट मेनूतून तो निवडा. पार्टिशनच्या पायरीवर एकच मोठं ठेवा. दुकानदार सवयीनं सी १०० जीबी आणि डी बाकी असं करतात. मग दोन वर्षांत अपडेटनं सी भरतो आणि डी रिकामा राहतो. ५१२ च्या ठिकाणी ४७६ दिसेल, ती चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

डी-४०१: एसएसडी यादीत दिसलाच नाही तर?

बी-५०२: हो, हे लॅपटॉपवर जास्त होतं. इंटेलचा व्हीएमडी (डिस्क हाताळायची सोय) चालू असला की विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबायचं. डिस्क मेली समजून परत करायला धावू नका.

पुढची अडचण अशी की विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं, आणि नेटचा ड्रायव्हर तर अजून टाकलेला नसतो. अँड्रॉइड फोन केबलनं लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं गाडी पुढे जाते.

ए-३०४: अकाउंट कुणाचं घालू?

बी-५०२: तुमचं, ज्याचा मोबाइल नंबर आणि ईमेल पाच वर्षांनीही चालू असेल असं. याचं कारण नीट वाचा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं आत गेलात की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, कुणी विचारतही नाही. चांगलीच गोष्ट आहे, मशीन चोरीला गेलं तरी क्लायंटची माहिती वाचता येत नाही. पण बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या अकाउंटमध्ये साठलेली असते. अकाउंट गेलं तर की गेली, आणि की गेली तर डेटा कुणालाच परत मिळत नाही. पहिल्याच दिवशी ती कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. मशिनवरच सेव्ह करून उपयोग नाही.

त्याच दिवशी वनड्राइव्ह बघा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर तो आपल्याकडे ओढून घेतो आणि फुकट जागा फक्त ५ जीबी. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', तिथे तिन्ही बंद करा. मशीन रिकामं असतानाच. सहा महिन्यांनी बंद केलंत तर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहू शकतात, डेस्कटॉप रिकामा दिसतो, आणि घरात हाहाकार होतो.

मग चार अकाउंट करा. एक अ‍ॅडमिन, फक्त सॉफ्टवेअर टाकायला. बाकी तिघांची तीन, 'स्टँडर्ड'. मुलीनं खेळासोबत काहीतरी उतरवलं तरी अ‍ॅडमिनच्या पासवर्डशिवाय ते पूर्ण मशिनवर बसणार नाही.

सी-१०१: नमस्कार. मराठी टायपिंगचं मी सांगतो. ताई, सासऱ्यांना आधी विचारा, हात कुठल्या कीबोर्डवर बसलाय? टाइपरायटरवर, इनस्क्रिप्टवर, का इंग्रजी अक्षरं दाबून? बसलेला हात मोडू नका.

ए-३०४: काका, ते इंग्रजी अक्षरं दाबूनच करतात. पण "दुसऱ्या" लिहिताना अडतात.

सी-१०१: सगळ्यांचं तिथेच अडतं. सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी जोडा. त्यात 'मराठी फोनेटिक' आणि 'इनस्क्रिप्ट' दोन्ही कीबोर्ड मिळतात, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून बदलायचे. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

हात बसलाय तर फोनेटिक चालेल, पण रोज पानभर लिहिणार असतील आणि त्यांची तयारी असेल तर इनस्क्रिप्ट शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. 'जे'वर र, शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ. 'एन'वर ल, शिफ्टबरोबर ळ. 'डी'वर हलन्त. म्हणून "दुसऱ्या"मधला ऱ्या असा: शिफ्ट जे, मग डी, मग य, मग काना. सूर्यातला र्या साध्या 'जे'नं.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. काही कीबोर्ड तोच ऱ्या आतून वेगळ्या रीतीनं लिहितात, र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण फाइलमध्ये शोधायला गेलात की निम्मे शब्द सापडत नाहीत. लेखकाला हे फार छळतं.

आता फॉन्ट. मराठी भाषा न जोडता नव्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी फक्त निर्मला असतो. ऑफिसातून आलेली मंगल किंवा कोकिला फॉन्टमधली फाइल मग निर्मलात उघडते, ओळी सरकतात, दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. भाषा जोडली की देवनागरीचे जादा फॉन्ट बहुधा आपोआप येतात. नाही आले तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट शोधून टाका.

लिब्रे ऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि तिथे मराठी निवडा. त्यात इंग्रजीचा फॉन्ट आणि आकार वेगळा, देवनागरीचा वेगळा. आकार १२ चा १४ केला तरी मराठी अक्षर हलत नाही, अशी तक्रार असली की हेच कारण. फॉरमॅट, कॅरेक्टर उघडलं की दोन रकाने दिसतात. वर्डमध्येही कंट्रोल-डी दाबून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा रकाना बघावा.

संपादकांकडे पाठवताना डॉक्स फाइल आणि सोबत पीडीएफ द्या. डॉक्स त्यांना कापायला, पीडीएफ मूळ कसं होतं ते बघायला.

सेक्रेटरी: काका, सोसायटीच्या जुन्या सभांचे इतिवृत्त माझ्या मशिनवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय. फाइल खराब झाली का?

सी-१०१: खराब नाही साहेब. ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. त्यात आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ज्या मशिनवर ते नीट दिसतं तिथला फॉन्ट काढू नका. त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या आणि मग मूळ पानाशी एकदा वाचून ताडा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे चुका राहतात. आकडेही बघा. ठरावातल्या रकमा आहेत त्या.

बी-५०२: बाकी सॉफ्टवेअर थोडक्यात. सेव्हन-झिप, व्हीएलसी, फायरफॉक्स, मुलीला जिओजेब्रा आणि स्क्रॅच. पायथन टाकताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ'मध्ये जोडायची टिक असते, ती करा. विसरलात की पायथन टाकलेलं असूनही मशीन ओळखत नाही आणि स्टोअर उघडतं. सगळं मूळ साइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी जाहिरात टाळा, तिथे नकली इन्स्टॉलर असू शकतो. वेगळा अँटिव्हायरस नको, डिफेंडर पुरतो. लॅपटॉपवाल्यांना सोबत ट्रायल येतो, त्याची मुदत संपायची वाट न बघता काढून टाका, डिफेंडर आपोआप चालू होतो.

सी-३०२: आमचं २०१४ चं मशीन विंडोज १० वर आहे. ११ घेतच नाही. टाकून द्यायचं का?

डी-४०१: नाही काकू, हेच तर मिंटचं काम. विंडोज १० ची साधी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी तरी लागते, म्हणून ते नाही म्हणतंय. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. रॅम ४ जीबी असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग, चारही तपासा. चाललं तरच टाका. जुना हार्डडिस्कवाला असेल तर आधी २५६ जीबीचा साटा एसएसडी बसवा. त्या वयाच्या मशिनला याहून मोठा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

ए-६०३: आणि बॅकअप, सगळ्यांनीच. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, दर शनिवारी लावून विंडोजच्या फाइल हिस्टरीनं कॉपी करा आणि झालं की काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवलीत तर रॅन्समवेअर आला की मशिनबरोबर तीही कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा.

ए-३०४: खूप मदत झाली. शेवटचं एक, जुन्या मशिनमधली हार्डडिस्क काढून नव्याला बाहेरून लावता येईल का? माझी सहा वर्षांची रिटर्न त्यात आहेत.

बी-५०२: येईल ताई. डेस्कटॉपची साडेतीन इंची असणार, तिला साटा ते यूएसबी जोडणी १२ व्होल्टच्या वेगळ्या अ‍ॅडॅप्टरसकट घ्या. नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, टिकटिक करत राहते. लॅपटॉपच्या अडीच इंचीला अ‍ॅडॅप्टर लागत नाही. जुन्या युजरचा फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' येईल, 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा, फायली जास्त असतील तर बराच वेळ घेतं, मध्येच केबल काढू नका. जुनं विंडोज एन्क्रिप्ट केलेलं असेल तर डिस्क बाहेर काढायच्या आधी त्याच मशिनवरून तिचीही ४८ आकडी की लिहून घ्या. उद्या संध्याकाळी सातनंतर माझ्याकडची जोडणी घेऊन जा.

ए-३०४: येते. जुनं मशीन आत्ताच चालू करून की बघते.