फॉर्म १ च्या वह्यांतला 'द': गुण कापायचे की नाही?

दारेसलामकर: टांझानियात सरकारी शाळा सातवीपर्यंत स्वाहिलीत. फॉर्म १, म्हणजे आठवी, लागली की जवळजवळ सगळेच विषय इंग्रजीत! त्या वह्या मी तपासतो. 'आय बॉट बुक' पानोपानी. स्वाहिलीत आर्टिकलच नाही, म्हणजे इंग्रजीतल्या 'अ', 'द'सारखं काहीच नाही. 'किताबू' म्हणजे कुठलंही पुस्तक आणि तेच पुस्तकही. पण म्हणून पोरांना फरक कळत नाही, हे साफ खोटं. 'निमेओना किताबू' म्हणजे पुस्तक पाहिलं. 'निमेकिओना किताबू' म्हणजे ते, आपण बोलत होतो ते. सगळी करामत क्रियापदाच्या पोटातल्या 'कि'ची. पहिली दोन वर्षं आर्टिकलचे गुण कापू नका, या 'कि'वरून 'द' शिकवा.

मोंबासावाली: असहमत. माणसं दाखवणारी नामं आली की तोंडावर पडाल. 'निमेम्वोना म्वालिमू', शिक्षकांना पाहिलं: शिक्षक ओळखीचे असोत वा कुणीही, 'कि'च्या जागी 'म्व' येतोच. मग पोरगं सगळीकडे 'द टीचर' लिहीत सुटणार. आमच्या केनियात चौथीपासून इंग्रजी माध्यम, तरी हीच बोंब.

दारेसलामकर: माणसांसाठी गोष्टी आहेत की! 'हापो झमानी झा काले पालिकुवा ना म्तू म्मोजा', फार पूर्वी एक माणूस होता. पुढे तोच 'यूले म्तू', म्हणजे 'तो माणूस', होतो. 'म्मोजा'च्या (एक) जागी 'अ', 'यूले'च्या (तो) जागी 'द'. वर्गात धमाल येते.

खवचट_काका: 'मुलगी बघायला गेलो' आणि 'मुलीला बघायला गेलो' यातला फरक आपल्याकडे कुणाला शिकवावा लागतो? तरी इंग्रजीच्या पेपरात 'द' सगळे अंदाजपंचेच घालतात. केनिया नुसता, गॅम्बिया मात्र 'द गॅम्बिया'. गुण कापणाऱ्यांनी आधी हे समजावून द्यावं.

मोंबासावाली: काका, तो अपवाद झाला. खरं दुखणं 'द' गाळण्याचं नाहीच, नको तिथे घालण्याचं आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ठरावीक माणूस असतो, म्हणून तो पहिल्याच वाक्यात 'द मॅन' लिहितो. वाचणाऱ्याला कुठे ठाऊक तो कोण? रशियन आणि कोरियन बोलणारेही इंग्रजी शिकताना हेच करतात. लाल शाईशिवाय कळणार कसं?

दारेसलामकर: लाल शाई खुशाल वापरा, गुणांना हात लावू नका. किलिमांजारो 'हायेस्ट माउंटन इन आफ्रिका' लिहिलं, ५८९५ मीटर उंचीही बरोबर. मग 'द' राहिला म्हणून भूगोलाचा अर्धा गुण का जावा?

मोंबासावाली: भूगोलात नका कापू. इंग्रजीच्या पेपरात मात्र मी कापणार.