शब्दचर्चा: 'तीव्र श्वसन निकामी होणे' हा शब्द बरोबर आहे का?

प्रश्न: मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. नोट्समध्ये 'अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर'ला 'तीव्र श्वसन निकामी होणे' असं दिलंय. मग क्रॉनिक म्हणजे सौम्य समजायचं का? वॉर्डात नातेवाईक नुसतं 'दम लागलाय' म्हणतात, तेही हेच का?

उत्तर: 'तीव्र'मुळे घोटाळा होतोच. अक्यूटचा संबंध काळाशी आहे: मिनिटांत, तासांत किंवा दोन-चार दिवसांत उद्भवलेलं. ते किती गंभीर, हा वेगळा प्रश्न. मी 'अचानक उद्भवलेलं' लिहिते. त्याच्या उलट 'जुनाट', आणि जुनाटही जिवावर बेतू शकतं.

'निकामी'वर माझी हरकत त्याहून मोठी आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, फुफ्फुसं कायमची गेली. मण्यार चावलेला रुग्ण घ्या. फुफ्फुसं धडधाकट असतात, पण विषामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर तोच माणूस काही दिवसांत स्वतः श्वास घेऊ लागतो. यात निकामी काय झालं? 'श्वसन अपुरं पडणं' म्हणा. नेमकं तेच घडतं.

अपुरं दोन तऱ्हांनी पडतं. न्यूमोनियात किंवा फुफ्फुसात पाणी साचल्यावर रक्तात ऑक्सिजन पुरेसा जात नाही. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या खाली येतो. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात हवेची ये-जाच कमी पडते, म्हणून कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर साचतो आणि अचानक साचला तर रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५च्या खाली उतरतो. मण्यारीचा रुग्ण यातला. सीओपीडीचा (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकाराचा) रुग्ण बिघडला की तोही बहुधा यातच, आणि त्याला ऑक्सिजन बेताने द्यायचा: रक्तातल्या ऑक्सिजन पातळीचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के.

पुरवणी: ड्युटी बदलताना वापरला जाणारा 'शांत' हा शब्दही यात घ्या. 'रात्रभर धापा टाकत होते, आता शांत झोपलेत' असं कुणी सांगितलं तर आधी रुग्णाला हाक मारून पाहा. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडनेही गुंगी येते. ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचं यंत्र तेव्हाही ९५ दाखवू शकतं, कारण ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा आणि डॉक्टरांना बोलवा. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केल्यावरच कळेल.

आणखी एक उत्तर: 'दम लागणं' हे लक्षण, 'दमा' हा आजार. गावाकडची माणसं दोन्हीला 'दम' म्हणतात, त्यामुळे 'आधीपासून आहे की आत्ताच लागला?' हे विचारावंच लागतं. लहान मुलांच्या बाबतीत आया 'पोट उडतंय' म्हणतात, ते हसण्यावारी नेऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० भरले तर ते जलद श्वसन.

आणि बातम्यांत येतं ते 'श्वसनक्रिया बंद पडून' निराळं. तिथे श्वास थांबलेला असतो. इथे तो चालू असतो, पण पुरत नाही.