ऑनलाइन फुटबॉल खेळताना लॅग आला तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत?

कसबापेठ

'नेट दोनशे एमबीपीएसचं आहे, तरी गेम अडकतो.' आमच्या खेळणाऱ्या ग्रुपवर हे वाक्य रोज कुणीतरी टाकतं. मग दहा जण दहा उपाय सांगतात: राउटर बंद-चालू कर, डीएनएस बदल, प्लॅन वाढव. त्यातलं काय लागू पडलं आणि का, हे सांगायला कुणी परत येत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ईएफुटबॉल, ईए स्पोर्ट्स एफसी, रॉकेट लीग, काहीही खेळत असाल तरी चालेल. मोबाइलवालेही या. एकच विनंती: 'लॅग होता, गेला' एवढ्यावर थांबू नका. त्रास नक्की कसा दिसत होता, तो कुठे तयार होतोय हे कसं शोधलं आणि काय बदललं, ते लिहा.

नवख्यांसाठी थोडक्यात. पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत (गेम चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकापर्यंत) जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. तो सतत कमीजास्त होत राहिला की जिटर. आणि संदेश वाटेतच गहाळ झाला की पॅकेट लॉस. माझ्या मते स्थिर ७० पिंग हे २० आणि १५० यांच्यात नाचणाऱ्या पिंगपेक्षा कधीही बरं. ७०ची बोटांना सवय होते, नाचऱ्याची होत नाही. एमबीपीएसचा या तिन्हींशी फारसा संबंध नाही. सामना चालू असताना गेम सेकंदाला जेमतेम काही शे किलोबिट वापरतो.

गोदाकाठी

घर जुन्या नाशकातलं, भिंती दीड फुटी. राउटर पुढच्या खोलीत, कन्सोल माडीवर. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माडीवर पोचायच्या आत दम तोडतो, त्यामुळे कन्सोल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाऊन बसायचा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्ख्या गल्लीचे राउटर त्यातच. वर मायक्रोवेव्हही साधारण याच पट्ट्यात काम करतो. आई दूध गरम करायला लागली की माझा बचावपटू जागच्या जागी थिजायचा.

भावाने शोधून काढलं. लॅपटॉप माडीवर नेला आणि दोन खिडक्या उघडून दोन पिंग लावले, एक घरच्याच राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ला, आणि दुसरा बाहेरच्या सर्व्हरला. घरच्या राउटरचं उत्तर चार-पाच मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. येत होतं ४, ६, १८०, ५, ९०. म्हणजे लॅग घराचा उंबरठा ओलांडायच्या आधीच तयार होत होता. तरी मी तोवर नेटवाल्याला फोन करकरून त्याचं डोकं खात होतो, ते असो.

उपाय एकच, वायर. कॅट ६ची केबल गच्चीच्या पाइपाला धरून माडीवर आणली. त्या दिवसापासून राउटरचा पिंग १च्या वर गेलेला नाही.

ओटीवरून

भाड्याच्या घरात काय करायचं? घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, भोक तर दूरच.

गोदाकाठी

चपटी केबल मिळते, दाराच्या फटीतून जाते. तेही नको असेल तर राउटरच उचलून कन्सोलच्या खोलीत आणा. फायबरची वायर थोडी लांबवून द्यायला केबलवाले सहसा नाही म्हणत नाहीत. वायरलेस मेशचं, म्हणजे घरात जागोजागी वायफायचे जोडडबे ठेवायचं, मी मुद्दामच सुचवत नाहीये. मेशने सिग्नलच्या कांड्या वाढतात, पण मधे आणखी एक हवाई टप्पाही वाढतो.

मुलाची आई

मी खेळत नाही, पण आमच्या घरातला लॅग मी होते! लेकाची तक्रार एकच: "आई, तू घरी आलीस की गेम खराब होतो." मला वाटायचं, अभ्यासाला बस म्हणते त्याचा राग आहे.

शेवटी त्यानेच मोजून दाखवलं. ऑफिसातून घरी आलं की माझा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. आमचा तेव्हाचा प्लॅन असा होता की डाउनलोड भरपूर आणि अपलोड अगदी तुटपुंजा. फोन अपलोडची सगळी जागा व्यापायचा, राउटर उरलेलं सगळं आपल्या स्मृतीत रांगेत उभं करायचा, आणि याने बटण दाबलेलं त्या रांगेच्या शेवटी. बोरघाटात ट्रकांच्या मागे अडकलेली दुचाकी, असं तो म्हणाला. एरवी पिंग २५, फोटो चढत असताना ३००च्या वर. याला बफरब्लोट म्हणतात हे मला त्याच्यामुळे कळलं.

त्याने जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) चढवलं आणि एसक्यूएम नावाची सोय चालू केली. त्यात मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा घालायची. मग रांग नेटवाल्याच्या यंत्रात न साठता आपल्या राउटरमध्ये राहते आणि तिथे लहान पॅकेटना आधी सोडता येतं. एकूण वेग थोडा कमी झाला, ते मला तरी जाणवलं नाही. ज्यांना ही खटपट नको त्यांनी फोटोंचा बॅकअप रात्री दोन वाजता लावावा. मी तेही केलंय.

म्हापसेकर

आमची गोष्ट वेगळी. लॅग नव्हताच, सामनाच लागत नव्हता. अनोळखी माणसाबरोबर खेळलो तर सगळं ठीक, पण मडगावच्या मित्राने बोलावलं की 'जोडणी होऊ शकली नाही.' ज्या सामन्यांत दोन कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात, तिथे एनएटी आडवा येतो, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणारी राउटरची सोय. प्लेस्टेशनवर तपासलं तर टाइप ३, सगळ्यात बंदिस्त. एक्सबॉक्सवाल्यांना हाच प्रकार 'स्ट्रिक्ट' म्हणून दिसतो.

कारणं दोन निघाली. पहिलं, नेटवाल्याचा डबा हाही राउटर आणि त्याला जोडलेला माझा विकतचा राउटर हाही राउटर. एकावर एक दोन एनएटी. डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसतं पुढे पाठवतो. त्यासाठी माणूस घरी यावा लागला, फोनवर काम झालं नाही.

तरीही टाइप ३. मग राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला, तर १००.७२ने सुरू होणारा. १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते कंपन्या आपल्या आत वापरतात. म्हणजे सीजीएनएटी, एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. तिथे तुम्ही यूपीएनपी (गेमसाठी राउटरमधली वाट आपोआप उघडणारी सोय) लावा नाहीतर हाताने पोर्ट उघडा, दार उघडतं ते तुमच्या खोलीचं, इमारतीचं नव्हे. महिन्याला थोडे जास्त पैसे भरून स्थिर सार्वजनिक आयपी घेतला आणि टाइप २ झाला. पैसे भरायच्या आधी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात पत्त्यांची टंचाई नाही) चालू आहे का ते विचारा. गेम ते वापरत असेल तर एवढ्यावरच भागू शकतं.

पेठेतला विंगर

कोल्हापूरकर असल्यामुळे फुटबॉलवर बोलल्याशिवाय राहवत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नाहीतर दिलबहारची मॅच असली की आम्ही तिथंच असतोय. सीझन संपला की रॉकेट लीग. गाड्यांचा फुटबॉल, पण चेंडूची ओढ तीच. आमचा तिसरा गडी जर्मनीत गेलाय आणि तिथनंच सगळी भानगड सुरू झाली.

भावांनो, या गेममधला लॅग वेगळा ओळखू येतो. सर्व्हर सेकंदाला १२० वेळा चेंडू आणि गाड्यांची जागा मोजतोय. तुमचं मशीन त्याची वाट बघत न बसता स्वतःच अंदाज बांधून चित्र दाखवतंय. अंदाज चुकला की सर्व्हर तुमची गाडी खेचून खऱ्या जागी नेऊन ठेवतोय. त्यामुळं तुम्हाला वाटतं मी चेंडूला लागलो, आणि पुढच्या क्षणी चेंडू भलतीकडंच. पिंग जास्त पण स्थिर असेल तर हे कमी होतं. पॅकेट गळाय लागली की मात्र लई. कोपऱ्यात चिन्हं येतात ती बघायची सवय लावा: पॅकेट लॉस, पिंगची चढउतार आणि जास्त पिंग यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. कुठलं येतंय यावर पुढचा उपाय ठरतो.

बाकीचं आमचा जर्मन सांगेल.

नेकारकाठ

हजर. श्टुटगार्टमधून लिहितोय.

यात भूगोलापुढे कुणाचं चालत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद, कितीही महाग राउटर घ्या. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे ६५ तर कागदावरच झाले. केबल सरळ जात नाही, अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य असा फेरा घेते. युरोपचा सर्व्हर घेतला की कोल्हापूरकरांना चांगल्या दिवशी १४०च्या आसपास आणि मला १५. हे दोघे चिडणार नाहीत तर काय.

म्हणून आम्ही मध्यपूर्वेचा सर्व्हर धरला. सगळ्यांनाच थोडं थोडं, असा हिशेब. माझा ठीक लागला. विंगरचाही कमी झाला. पण त्याच्याच गल्लीतल्या दुसऱ्या गड्याचा, वेगळ्या कंपनीचं नेट असल्यामुळे, युरोपपेक्षाही जास्त! ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या टप्प्यांवरून जातं त्याची यादी) काढल्यावर दिसलं की त्याचं पॅकेट मुंबईहून आधी युरोपात जातं आणि तिथून आखातात परत येतं. नकाशावर जवळ, वायरीने लांब. कोणत्या कंपनीचे कुणाशी करार आहेत त्यावर रस्ता ठरतो. त्याला वर्षाचा प्लॅन संपेपर्यंत थांबावं लागलं, मग त्याने कंपनी बदलली.

आणि ६ सप्टेंबर २०२५ विसरणं शक्य नाही. जेद्दाहजवळ लाल समुद्रात एसएमडब्ल्यू ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबली तुटल्या. भारत, पाकिस्तान, आखात, सगळीकडचा वेग गडगडला, आणि रहदारी दुसऱ्या वाटांनी वळवली गेली. आमचा युरोपचा पिंग दोनशेच्या कितीतरी वर. अशा वेळी घरी राउटरशी झटापट करण्यात अर्थ नसतो. एकाच वेळी वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या लोकांचा एकाच दिशेचा पिंग चढला, की गोष्ट समुद्रातली आहे असं समजा आणि त्या आठवड्यात ज्याने-त्याने आपापल्या देशातल्यांशी खेळा.

पेठेतला विंगर

आम्ही खेळलो. हा मात्र तिकडं एकटाच जर्मन पोरांच्यात गोली म्हणून उभा.

दापोली_फोरजी

तुमच्याकडे फायबर तरी आहे. इकडे पावसाळ्यात लाइट एक सेकंद जाते आणि येते. इन्व्हर्टर आहे, पंखा थांबतही नाही, पण राउटर आणि फायबरचा डबा तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू होतात. दोन मिनिटं गेली, सामना गेला, वर सोडून पळाला म्हणून गुण कापले. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक एक खटका असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड. यूपीएस मोडवर वीज बदलायला लागणारा वेळ फार कमी. आमचा साध्या मोडवर होता. शिवाय राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या.

फायबर यायच्या आधी फोनवरच खेळायचो. संध्याकाळी सात ते दहा टॉवरवर गर्दी, पिंग हलता. ५जीची एक कांडी येत-जात असेल तर फोन सारखा दोन्हींत उड्या मारतो. सेटिंगमध्ये ४जीवरच बांधून ठेवलं तर पिंग जास्त पण शांत. दुसरं म्हणजे, चार्जिंगला लावून खेळू नका. फोन तापला की तो स्वतःच वेग उतरवतो, चित्र अडखळतं, आणि शिव्या नेटला बसतात.

टीव्हीसमोर

शिव्या चुकीच्या माणसाला बसण्यावरून. मोठा टीव्ही आणल्यावर पास उशिरा जायला लागले. ऑनलाइन पिंग १८, चिन्ह एकही नाही. नेट काढून संगणकाविरुद्ध सराव सामना खेळलो, तिथेही तेच. मग नेटचा दोष असेलच कसा? टीव्ही चित्र गुळगुळीत करायला फ्रेम अडवून ठेवत होता. साठ फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, पाच-सहा अडवल्या की शंभर गेले. गेम मोड चालू केला, संपलं. ही नेट काढून खेळायची चाचणी फुकट आहे, सगळ्यात आधी करा.

ओटीवरून

गेमिंग व्हीपीएन, बूस्टर ॲप यांचा कुणाला अनुभव? आणि डीएनएसचं काय?

तारवाला

नेटच्या धंद्यात आहे, कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

डीएनएस म्हणजे नाव देऊन पत्ता विचारणं. सामना सुरू झाला की पत्ता सापडलेला असतो, पुढे त्याचं काही काम नाही. त्याने पिंग कमी होत नाही. व्हीपीएन एकाच परिस्थितीत कामाला येतो: वर नेकारकाठ म्हणतात तसा रस्ताच वाकडा असेल तर. व्हीपीएन वेगळ्या रस्त्याने नेतो, कधी तो छोटा निघतो. रस्ता आधीच सरळ असेल तर तुम्ही पैसे देऊन एक थांबा वाढवता. फोनवरची बूस्टर ॲप इतर ॲप बंद करतात आणि जाहिराती दाखवतात.

स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीच्या किंवा शहरातल्या सर्व्हरवर जाते. तिथपर्यंतचा रस्ता आमचा सगळ्यात चांगला असतो.

ट्रेसराउट किंवा एमटीआर (तेच सतत मोजत राहणारं साधन) काढून पाठवणाऱ्यांना एक सांगतो. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसला म्हणून उड्या मारू नका. मोठे राउटर पिंगला उत्तर द्यायचं काम सगळ्यात शेवटी करतात, तुमचं पॅकेट मात्र पुढे व्यवस्थित पाठवतात. लॉस एका टप्प्यावर सुरू होऊन तिथून शेवटपर्यंत टिकत असेल, तरच तो खरा.

आणि तक्रार करताना 'गेम लॅग होतो' असं लिहू नका. समोरचा माणूस स्पीड टेस्ट करायला लावतो आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करतो. वायरने जोडलेल्या संगणकावरून घरच्या राउटरचा पिंग, आमच्या पहिल्या टप्प्याचा पिंग आणि गेमच्या सर्व्हरचा पिंग, तिन्ही एकाच वेळी चालू ठेवा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. राउटर शांत, पहिला टप्पा रात्री नाचतोय असं दिसलं, तर तुमच्या भागातल्या लाइनवर भार जास्त आहे आणि ते आम्हाला नाकारता येत नाही. पहिला टप्पा शांत आणि पुढचं बिघडलंय, तर तिकीट वरच्या टीमकडे पाठवा असं स्पष्ट लिहा. फायबर असेल तर डब्यावरची ऑप्टिकल पॉवरही, म्हणजे तिथे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, लिहा. साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर कुठेतरी वायर वाकलीय किंवा जोड खराब आहे, आणि त्याला माणूस पाठवावाच लागतो.