यू-२६४ चा १९४२ मधला संदेश: वेळ जुळत नाही, अक्षरंही विचित्र

प्रश्न:
जर्मन पाणबुडी यू-२६४ चा नोव्हेंबर १९४२ मधला उलगडलेला संदेश वाचतोय. सुरुवातीला 'एफटी ११३२/१९' (एफटी म्हणजे बिनतारी संदेश), पुढे 'एजे ९८६३, २२० अंश, ८ सागरी मैल'. ब्रिटिश नोंदींशी वेळ जुळत नाही. शिवाय 'आइन्स' (एक) या शब्दाच्या जागी एकदा ई-के-एन-एस आणि एकदा क्यू-एन-एन-एस आहे. हा काही गुप्त संकेत आहे का?

प्रतिसाद १:
संकेत नाही, टिपताना झालेल्या चुका आहेत. एनिग्मात (जर्मनांच्या सांकेतिक यंत्रात) दर अक्षरागणिक चक्र पुढे सरकतं. त्यामुळे मोर्समधलं एक अक्षर चुकीचं ऐकलं तर उलगडताना तेवढंच बिघडतं, पुढचा मजकूर शाबूत. मात्र चूक झाली ती सांकेतिक मजकुरात. म्हणून 'आय' आणि 'के' यांच्या मोर्समध्ये साम्य शोधू नका, हाती काही लागणार नाही.

खरी पंचाईत अक्षर गळलं की होते. चक्र एक पाऊल मागे राहतं आणि तिथून पुढे निव्वळ कचरा निघतो. गट चार-चार अक्षरांचे असल्याने तीन अक्षरांचा गट लगेच डोळ्यांत भरतो. गळालेल्या जागी कुठलंही एक अक्षर दाबून पुढे जायचं. पहिले दोन गट शेवटी पुन्हा येतात. ते किल्लीचे, म्हणजे यंत्र कसं लावायचं ते सांगणारे असतात, मजकुरासोबत उलगडायचे नाहीत. मजकुरात एक्स म्हणजे पूर्णविराम, वाय म्हणजे स्वल्पविराम, आणि नावाच्या दोन्ही बाजूंना जे.

प्रतिसाद २:
११३२/१९ म्हणजे १९ तारखेचे ११:३२, तेही जर्मन घड्याळाने. पाणबुडी अटलांटिकमध्ये कुठेही असो, घड्याळ जर्मनीचंच. २ नोव्हेंबर १९४२ ला जर्मनीची उन्हाळी वेळ (एक तास पुढे केलेलं घड्याळ) संपली, म्हणून इथे ग्रिनिचसाठी एकच तास वजा करा: १०:३२. त्याआधीच्या, १ एप्रिल १९४० पासूनच्या नोंदींना दोन तास, हिवाळ्यातसुद्धा. घोटाळा बहुतेक इथेच होतो. शिवाय ही वेळ संदेश लिहिल्याची असते, प्रक्षेपणाची नव्हे. याच संदेशात हल्ल्याच्या वेळी शत्रूने पाण्याखाली दाबून ठेवल्याचं आहे, आणि पाण्याखाली असलेल्या पाणबुडीला लघुलहरींच्या रेडिओवर बोलता येत नाही.

८ सागरी मैल हे अंतर नाही, शत्रूच्या जहाजांच्या काफिल्याचा ताशी वेग आहे. २२० अंश ही त्याची दिशा. एजे ९८६३ हा जर्मन नौदलाच्या नकाशावरचा सुमारे ६ सागरी मैल बाजूचा चौकोन, त्याहून नेमकी जागा त्यातून काढू नका.

प्रतिसाद ३:
पाणबुडीच्या युद्धदैनंदिनीशी ताडून बघा. तिच्यात संदेश उलगडून, नीट करून टंकलेले असतात, त्यामुळे बिघडलेली अक्षरं तिथे सरळ होतात. मायक्रोफिल्म अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात टी-१०२२ मालिकेत आहे, मूळ कागद फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात.